चढाचे लहान घास करणारे वेलोसिओ

गारखेड्यातून पहाटे सायकल काढावी, क्रांती चौक आणि छावणी मागे टाकावी, पडेगाव, मिटमिटा, शरणापूर ओलांडून दौलताबादचा किल्ला उजाडायच्या आत गाठावा आणि मग खुलताबादच्या घाटाला लागावे. सपाट रस्त्यावर गप्पा मारणारी मंडळी इथे एकदम गप्प होतात. कुणी उभे राहून पायडल मारतो, कुणी दात-ओठ खातो, तर कुणी उतरून सायकल ढकलतो. आपले शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटरवर आहे आणि म्हैसमाळ १,०६७ मीटरवर. म्हणजे जाताना जवळपास ५०० मीटरचा चढ.

दक्षिण-मध्य फ्रान्समधील सेंत-एतिएन या शहरातून असाच एक रस्ता डोंगरात जातो. शहर ५०० मीटरच्या आसपास उंचीवर, तर फर वृक्षांच्या दाट जंगलातून जाणारा 'कोल द ला रेप्युब्लिक' हा घाटमाथा १,१६१ मीटरवर. या घाटाने एका रेशीम व्यापाऱ्याला सायकलचे शास्त्र शिकवले. त्यांचे नाव पॉल द विवी. जगभरचे सायकलस्वार त्यांना 'वेलोसिओ' या टोपणनावाने ओळखतात. सायकल-पर्यटनाचे जनक म्हणून त्यांचा मान आहे. आरोग्याच्या दृष्टीने मात्र त्यांचे मोठे काम वेगळेच आहे. सामान्य ताकदीचा, चाळिशी-पन्नाशीचा माणूसही डोंगर चढू शकतो, फक्त त्याने आपली ताकद नीट वाटून खर्च केली पाहिजे, हे त्यांनी स्वतःच्या पायांवर सिद्ध केले.

२९ एप्रिल १८५३ रोजी फ्रान्सच्या प्रोव्हान्स प्रांतातील पेर्न या गावी त्यांचा जन्म झाला. पुढे ते सेंत-एतिएनला रेशमाच्या व्यापारात स्थिरावले. कोळसा, बंदुका आणि रेशमी फिती यांसाठी हे शहर प्रसिद्ध होते. १८८१ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्यांनी पहिली सायकल घेतली. त्या काळची ही सायकल म्हणजे पुढे माणसाच्या छातीएवढे चाक आणि मागे एक चिमुकले चाक. एका मित्राने सहा तासांत १०० किलोमीटर जाण्याची पैज लावली, आणि हे गृहस्थ ला शेझ-द्यो या डोंगरातल्या गावाच्या दिशेने निघाले. पैजेपेक्षा वाटेतली शांतता त्यांच्या मनात जास्त भरली. जंगले, चिमुकली खेडी आणि रिकामे रस्ते यांची ओढ त्यांना लागली ती कायमची.

व्यापारानिमित्त इंग्लंडला जाणे होई. तिथल्या कॉव्हेंट्री शहरात सायकलींचा उद्योग जोरात होता. दोन सारख्या चाकांची, साखळीने चालणारी नवी सायकल तिथे आकार घेत होती. द विवींनी १८८७ मध्ये रेशमाचा धंदा सोडला, सेंत-एतिएनमध्ये सायकलचे दुकान काढले आणि त्याच वर्षी एक मासिकही सुरू केले. तेच पुढे 'ल सिक्लिस्त' या नावाने गाजले. मराठी वाचकाला इथे आपल्याकडची एक गोष्ट आठवेल. पुढच्याच वर्षी, १८८८ मध्ये, बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि त्यांचे बंधू रामुअण्णा यांनी सायकलचे दुकान थाटले होते. एका मोठ्या उद्योगाची ती सुरुवात ठरली. द विवींचे दुकान तेवढे मोठे कधीच झाले नाही. त्यांचा जीव दुकानापेक्षा रस्त्यात अडकलेला होता.

१८८९ च्या सुमारास त्यांनी 'ला गोलवाझ' नावाची स्वतःची सायकल बाजारात आणली. तिला एकच गिअर होता, कारण तेव्हा सगळ्याच सायकलींना एकच गिअर असे. या सायकलवरून ते रेप्युब्लिकचा घाट चढत असताना त्यांच्याच मासिकाचा एक वाचक पाइप ओढत ओढत त्यांच्या पुढे निघून गेला, अशी कथा सांगितली जाते. द विवींना आणखी जोर लावता येईना. हलका गिअर असता तर चढ सोपा गेला असता, पण मग सपाट रस्त्यावर पाय नुसते भिरभिरले असते. एकाच सायकलला दोन्ही हवे, हा विचार त्यांच्या डोक्यात पक्का बसला.

गिअरमागचे विज्ञान थोडे समजून घेऊ. समजा, सायकल आणि स्वार मिळून वजन ८० किलो आहे. ५०० मीटर चढण्यासाठी गुरुत्वाकर्षणाविरुद्ध जे काम करावे लागते, ते सुमारे ३९० किलोज्यूल भरते. गिअर कोणताही असो, हा आकडा बदलत नाही. आपले स्नायू वापरलेल्या ऊर्जेपैकी फक्त पाचवा ते चौथा हिस्सा कामात उतरवतात आणि बाकीची उष्णता होऊन जाते. म्हणून नुसत्या या चढाईला शरीराच्या साधारण ४०० किलोकॅलरी खर्च होतात.

गिअरमुळे बदलतो तो घासाचा आकार. पायडलच्या एका फेरीत सायकल साडेपाच मीटर पुढे जात असेल, तर सहा टक्क्यांच्या चढावर त्या एका फेरीत ८० किलो वजन ३३ सेंटिमीटर वर उचलावे लागते. एका फेरीत अडीच मीटरच जायचे असेल, तर फक्त १५ सेंटिमीटर. फेऱ्या दुपटीहून जास्त होतात, पण प्रत्येक फेरीचा भार निम्म्याहून कमी होतो. धान्याचे पोते एकदम पाठीवर घेण्याऐवजी पाटीने दोन खेपा कराव्यात, तसे हे आहे.

शरीराला हा फरक फार मोठा वाटतो. जड गिअरमध्ये पाय जोरात आणि सावकाश फिरतात. त्यासाठी स्नायूंमधील जोरकस, पण लवकर थकणारे तंतू जास्त कामाला लागतात. स्नायूत साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, भराभर संपते, मांड्या भरून येतात आणि गुडघ्यावरचा ताण वाढतो. हलक्या गिअरमध्ये चिवट, सावकाश थकणाऱ्या तंतूंवर काम भागते आणि भाराचा काही वाटा हृदय आणि फुप्फुसे उचलतात. त्यामुळे श्वास वाढतो, पण पाय टिकतात.

द विवींच्या काळात हे सारे प्रयोगशाळेत मोजलेले नव्हते. त्यांची प्रयोगशाळा म्हणजे सेंत-एतिएनभोवतीचे घाट. सुरुवातीला खाली उतरून हाताने साखळी एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर चढवावी लागे. पुढे वेगवेगळ्या रचना आल्या आणि चालत्या सायकलवर साखळी सरकवणारे डिरेलर आले. या शब्दाचा मूळ फ्रेंच अर्थ रुळावरून उतरवणारा असा आहे. द विवी प्रत्येक नवी रचना स्वतः घाटात वापरून पाहत आणि मासिकात लिहीत. किती अंतर, किती चढ, कोणता गिअर, वाटेत काय खाल्ले, कुठे दमछाक झाली, हे सारे त्यात असे.

सायकल-जगतातील बड्या मंडळींना हे रुचले नाही. टूर द फ्रान्स या शर्यतीचे जनक आणि क्रीडा-संपादक आंरी देग्रांज यांचे मत स्पष्ट होते. गिअर ही पंचेचाळिशी ओलांडलेल्यांची सोय आहे आणि खऱ्या मर्दाने पायांच्या जोरावरच चढावे, असे त्यांना वाटे. १९०२ मध्ये फ्रान्सच्या टूरिंग क्लबने डोंगराळ रस्त्यांवर सायकलींची परीक्षा घेतली. त्यात मार्त एस या महिलेने गिअर बदलता येणारी 'गोलवाझ' चालवून दाखवली आणि तिचे मोठे कौतुक झाले. तरीही देग्रांज बधले नाहीत. गंमत म्हणजे १९०३ मध्ये पहिली टूर द फ्रान्स झाली, तेव्हा स्पर्धक जो पहिला हजार मीटरहून उंच घाट चढले, तो हाच रेप्युब्लिकचा घाट होता. त्या शर्यतीत डिरेलरला परवानगी मिळायला १९३७ साल उजाडले. तोवर स्पर्धक घाटाच्या पायथ्याशी उतरून मागचे चाक काढत आणि उलटे बसवत, म्हणजे दुसऱ्या बाजूचे दातेरी चक्र वापरता येई.

या वादात द विवी खुशाल 'पंचेचाळिशी ओलांडलेल्यांच्या' बाजूला उभे राहिले, कारण लवकरच ते स्वतः त्या वयाचे झाले. १८९६ पासून ते शाकाहारी होते. रात्रभर सायकल चालवून ते प्रोव्हान्सच्या मैदानात उतरत, आल्प्सकडे जात, आर्देशच्या चेस्टनट वनांतून फिरत. साठीनंतरही त्यांचे हे फिरणे चालू होते. नवख्यांना ते सोबत नेत. अशा अनुभवांतून त्यांनी सायकलस्वारांसाठी सात नियम घालून दिले. आजच्या शरीरशास्त्राच्या कसोटीवर ते कितपत उतरतात, हे पाहण्यासारखे आहे.

पहिला नियम थांब्यांचा. थांबावे क्वचित आणि थोडाच वेळ. तापलेले स्नायू लांबलेल्या विश्रांतीत गार होतात आणि पुन्हा लय पकडायला वेळ लागतो, हे कुणीही अनुभवावे.

दुसरा खाण्यापिण्याचा. थोडे थोडे, वारंवार आणि भूक लागण्याआधी खावे, तसेच तहानेआधी प्यावे. यातले खाण्याचे आज पूर्ण पटते. शरीरातला ग्लायकोजेनचा साठा जोरकस श्रमात दीड-दोन तासांत बराचसा संपतो. तो संपल्यावर खाल्लेले अन्न पचून पायांपर्यंत पोहोचायला वेळ लागतो. म्हणून तासाभराहून मोठ्या फेरीत दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके घ्यावीत, असा आजचा सल्ला आहे. एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात. खजूर, गूळ किंवा घरची दशमीही चालते. पाण्याबाबत मात्र थोडी दुरुस्ती हवी. मराठवाड्याच्या उन्हात घोट घोट पाणी घेत राहणे योग्यच, पण तहान नसताना लिटरच्या लिटर साधे पाणी पिऊ नये. त्याने रक्तातले सोडियम घसरते आणि ते जिवावर बेतू शकते. लांबच्या फेरीत चिमूटभर मीठ-साखर घातलेले पाणी जवळ असावे.

तिसरा नियम म्हणजे इतके कधीही दमू नये की रात्री जेवण जाणार नाही आणि झोप लागणार नाही. अतिश्रमाची ही दोन लक्षणे आजचे क्रीडावैद्यकही मानते.

चौथा कपड्यांचा. थंडी वाजण्याआधी अंगावर घालावे आणि उकडण्याआधी काढावे. चढताना भिजलेले अंग उतारावर वाऱ्याने झपाट्याने गार पडते. डिसेंबरच्या पहाटे खुलताबादहून उतरताना एक पातळ विंडचीटर किती उपयोगी पडते, हे विचारायलाच नको.

पाचवा, सायकलवर असताना तरी दारू, मांस आणि तंबाखू टाळावी. त्या काळी शर्यतीत दारू पिणारे स्पर्धक होते, हे लक्षात घेतले तर या सल्ल्याचे मोल कळते. मांसाबद्दलचा आग्रह आज तेवढा कडक राहिलेला नाही. मांस पचायला वेळ लागतो आणि श्रमात लागणारे तातडीचे इंधन कर्बोदकांतून मिळते, एवढेच त्यातून घ्यावे.

सहावा, ताकद ओढून-ताणून वापरू नये, विशेषतः पहिल्या काही तासांत. सुरुवातीला अंगात जोर असतो आणि तोच फसवतो.

सातवा नियम साधा दिसतो, पण पाळायला सर्वांत अवघड. केवळ मिरवण्यासाठी पायडल मारू नये. पाइप ओढत पुढे गेलेल्या त्या वाचकामुळे द विवी डिवचले गेले होते, पण शहाणपण त्यांना नंतर आले. आज मोबाइलवरच्या अॅपमध्ये कोण कितव्या क्रमांकावर आहे हे घाट संपताच दिसते आणि भलीभली माणसे त्या आकड्यापायी छातीतली कळ अंगावर काढतात. चाळिशीनंतर, त्यातही मधुमेह, रक्तदाब किंवा घरात हृदयविकाराचा इतिहास असेल, तर घाट चढण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. चढताना एखादे वाक्य सलग बोलता येत असेल तर वेग योग्य समजावा. छातीत दुखले, चक्कर आली किंवा विश्रांती घेऊनही धाप थांबेना, तर लगेच उतरावे आणि मदत घ्यावी.

१९२२ पासून सेंत-एतिएनचे सायकलप्रेमी द विवींच्या सन्मानार्थ दरवर्षी रेप्युब्लिकचा घाट चढू लागले. त्यात तरुण असत, म्हातारे असत, महिला असत. पहिला कोण आला यापेक्षा सगळे वर पोहोचले याचे तिथे कौतुक होते. १९३० च्या हिवाळ्यात, वयाच्या ७६ व्या वर्षी, सेंत-एतिएनच्या रस्त्यात सायकल सोबत असताना ट्रामची धडक बसून त्यांचा मृत्यू झाला. आयुष्यभर दऱ्याखोऱ्यांत रात्री-बेरात्री फिरलेल्या माणसाला घाताची जागा स्वतःच्याच शहरात भेटली. पहाटेच्या अंधारात निघणाऱ्यांनी हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा आणि चमकणारी पट्टी यांत कसूर करू नये, हेही यातून घेण्यासारखे आहे.

रेप्युब्लिकच्या माथ्याजवळ जंगलात त्यांचे स्मारक आहे. आपल्याकडच्या बहुतेक नव्या सायकलींना आता सात, चौदा, एकवीस गिअर असतात. अनेकांच्या सायकलचा सर्वांत हलका गिअर मात्र वर्षानुवर्षे वापरलाच जात नाही, कारण तो वापरणे कमीपणाचे वाटते. येत्या रविवारी दौलताबादच्या पुढे घाट सुरू होण्याआधीच तो टाकून पाहावा. कुणी पुढे गेले तर जाऊ द्यावे. रस्त्याकडेची झाडे दिसतील, श्वास हाताशी राहील आणि खुलताबादला पोहोचल्यावर चहासोबत बोलायला अंगात त्राणही उरेल.