अ‍ॅडा लव्हलेस

कवी लॉर्ड बायरन यांची कन्या अ‍ॅडा यांचा जन्म १८१५ साली लंडनला झाला. मातोश्रींनी त्यांना बालपणापासूनच गणिताची गोडी लावली. पुढे चार्ल्स बॅबेज यांच्या नियोजित गणनयंत्राने त्यांचे मन वेधले. परंतु जे यंत्र बांधलेच नाही, त्याचे चालणे लोकांना दाखवावे कसे? १८४३ साली त्यांनी एक मोठा तक्ता प्रसिद्ध केला. ओळीओळीने क्रिया, रकान्यारकान्यांत संख्या. कोणती संख्या कोठून येते, कोठे जाते, ते नजरेपुढे उभे राहिले. १८५२ साली, अवघ्या ३६ व्या वर्षी, तीन मुलांची ही माता निवर्तली. यंत्र पुरे झाले नाहीच. तो तक्ता मात्र संगणकाची पहिली आज्ञावली, असे आज पुष्कळजण मानतात. भगिनींनो, गुंता मोठा असेल तर तो आधी कागदावर मांडावा, हाच त्यांचा धडा.