खाल्ले मीठ आणि लेखणी

बँकेत उमेदीची वर्षे गेल्यामुळे असेल, वाङ्मयीन नियतकालिक हाती आले की मी आधी पैसा कोणाचा ते पाहतो. अमेरिकेत केंटकी राज्यात १९०५ साली जन्मलेले रॉबर्ट पेन वॉरन लुइझियाना विद्यापीठात प्राध्यापक होते. १९३५ मध्ये सहकाऱ्यांसोबत त्यांनी तिथे ‘सदर्न रिव्ह्यू’ त्रैमासिक काढले. विद्यापीठावर सरकारी पैसा ओतणारे राज्याचे सर्वेसर्वा ह्यूई लाँग यांची त्याच वर्षी हत्या झाली. युडोरा वेल्टींच्या सुरुवातीच्या कथा त्रैमासिकाने छापल्या. युद्धकाळातल्या काटकसरीत १९४२ मध्ये ते बंद पडले. वॉरन मिनेसोटाला गेले. १९४६ मध्ये लाँग यांच्यावरून सुचलेल्या सत्ताधीशाची त्यांची कादंबरी आली, तिला पुलित्झर मिळाले. त्रैमासिक १९६५ मध्ये पुन्हा सुरू झाले. वॉरन १९८९ मध्ये गेले. खाल्ल्या मिठाआधी लेखकाने लेखणीला जागावे, हे मला त्यांच्या आयुष्यात दिसते.