रागांचे व्याकरण रचणारा वकील

भूप आणि देसकार. दोन्ही रागांत स्वर पाचच आणि तेही तेच : सा, रे, ग, प, ध. तरीही भूप रात्रीच्या पहिल्या प्रहरी गंधाराभोवती फुलतो, तर देसकार सकाळी धैवताच्या आधाराने उभा राहतो. स्वर सारखे असताना राग निराळे कसे, हा प्रश्न जुन्या गवयाला पडत नसे. उत्तर त्याच्या गळ्यात होते. ते शब्दांत मांडण्यासाठी पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी आयुष्य वेचले.

१० ऑगस्ट १८६० रोजी, गोकुळाष्टमीला, मुंबईत वाळकेश्वर येथे त्यांचा जन्म झाला. एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिक्षण, १८८७ मध्ये कायद्याची पदवी आणि मग वकिली, असा त्या काळच्या सुशिक्षिताचा सरळ मार्ग त्यांनी धरला होता. मात्र पारशी रसिकांनी चालविलेल्या गायन उत्तेजक मंडळीत त्यांचा जीव रमू लागला. तेथे रावजीबुवा बेलबागकरांकडून त्यांना ध्रुपदे मिळाली. पुढे पत्नी आणि पाठोपाठ कन्या निवर्तली. संसाराचा पाश उरला नाही. कालांतराने वकिलीही सुटली.

प्राचीन संस्कृत ग्रंथांतील संगीत आणि समोरच्या मैफलीतील संगीत यांचा मेळ बसत नाही, हे त्यांनी ताडले होते. तेव्हा त्यांनी वकिली रीतीने पुरावा गोळा करायचे ठरविले. हा पुरावा म्हणजे बंदिशी. स्थायीत राग कोठे विसावतो, मुखडा कोणत्या वळणाने समेवर येतो, अंतरा तार षड्जाकडे कोणत्या वाटेने चढतो, हे चांगली बंदिश अवघ्या चार-सहा ओळींत सांगून जाते. अनेक बंदिशी शेजारी ठेवल्या की रागाचे आरोह-अवरोह, वादी-संवादी आणि वर्ज्य स्वर आपोआप उमटू लागतात. प्रचलित गाण्याला, म्हणजे 'लक्ष्या'ला, प्रमाण मानण्याचा हा बाणा त्यांनी ग्रंथाच्या नावातही ठेवला : 'श्रीमल्लक्ष्यसंगीतम्'. तो त्यांनी 'चतुरपंडित' या टोपणनावाने लिहिला.

पुरावा मिळविणे मात्र सोपे नव्हते. बंदिश ही घराण्याची मिळकत. काही घराण्यांत ती हुंड्यात दिली जाई. ती परक्या वकिलाच्या वहीत कोण उतरवू देणार? भातखंडे यांनी चिकाटी सोडली नाही. जयपूरचे मोहम्मद अली खाँ कोठीवाल यांच्या घराण्याकडून त्यांना मोठा साठा लाभला, रामपूर दरबाराचे दारही उघडले. उस्तादांच्या शास्त्रज्ञानाविषयी त्यांची मते अनेकदा कठोर, क्वचित अन्यायकारकही होती. त्यांच्या शास्त्राची इमारत मात्र त्याच उस्तादांच्या कंठातील ठेव्यावर उभी राहिली, हे विसरून चालणार नाही.

१९०४ मध्ये ते दक्षिणेत गेले. एट्टयपुरम येथे सुब्बराम दीक्षितरांची भेट झाली आणि व्यंकटमखींच्या ७२ मेळांची रचना त्यांना जवळून उमगली. उत्तरेच्या रागांसाठी त्यांनी १० थाट पुरेसे मानले. या वर्गीकरणावर आजही आक्षेप घेतले जातात, आणि ते रास्त आहेत. अहिर भैरवचे स्वर दहापैकी कोणत्याही थाटात पुरते बसत नाहीत. दुसरीकडे भूप कल्याण थाटात आणि देसकार बिलावल थाटात गेला, तो स्वरांच्या मोजणीने नव्हे, तर चलनाच्या नात्याने. म्हणजे थाटाची चौकट रागाच्या अंगापुढे अपुरी पडते, हे त्यांच्याच मांडणीत दिसते.

सोपी स्वरलिपी हे त्यांचे दुसरे मोठे काम. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी, सप्तकासाठी वर वा खाली टिंब. तिच्या आधारे क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत हजारावर बंदिशी छापल्या गेल्या. रागाचे नियम त्याच रागात गाऊन सांगणारी लक्षणगीतेही त्यांनी रचली. मींड आणि श्रुतींची सूक्ष्मता कागदावर उतरत नाही, ही तक्रार खरीच. पण घराण्याबाहेरच्या विद्यार्थ्याला बंदिशीचा सांगाडा हाती लागला. 'हिंदुस्थानी संगीत पद्धती'चे चार भाग त्यांनी मराठीत, गुरुशिष्यांच्या संवादरूपात लिहिले, ही मराठी वाचकाला अभिमानाची बाब.

१९१६ मध्ये बडोद्यास अखिल भारतीय संगीत परिषद, १९१८ मध्ये ग्वाल्हेरचे माधव संगीत महाविद्यालय, १९२६ मध्ये लखनौचे मॅरिस कॉलेज, असा कामाचा पसारा वाढत गेला. लखनौची धुरा पुढे शिष्य श्रीकृष्ण रातंजनकर यांनी सांभाळली. १९३३ मध्ये पक्षाघाताने भातखंडे अंथरुणाला खिळले. १९ सप्टेंबर १९३६ रोजी, गणेश चतुर्थीला, त्यांचे निधन झाले.