नायगमवाला आणि मृगातील हिरवी रेषा

कावसजी दादाभाई नायगमवाला यांचा जन्म 1857 सालचा. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात ते पदार्थविज्ञान शिकवीत. वर्णपटाच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळा हवी म्हणून 1882 मध्ये त्यांनी भावनगरच्या महाराजा तख्तसिंहजींकडून 5,000 रुपये मिळविले. तेवढीच रक्कम मुंबई सरकारने घातली. उपकरणांसाठी 1884 मध्ये ते इंग्लंडला गेले, आणि तेथे नॉर्मन लॉकियर यांच्यासारख्यांचा सल्ला पडला की, प्रयोगशाळेपेक्षा वेधशाळाच काढावी. मुंबईपेक्षा पुण्याचे आकाश बरे. म्हणून 1885 मध्ये ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये आले. 1888 पर्यंत वेधशाळा सज्ज झाली. तिच्यातील दुर्बीण त्या काळी देशात सर्वांत मोठी होती.

आपल्या टी. टी. नगरातील एखाद्या गच्चीवरून हिवाळ्यात साध्या दुर्बिणीने पाहिले, तरी मृगाच्या पोटातील बाणाखाली एक धुरकट ठिपका दिसतो. हाच मृगातील तेजोमेघ. त्याच्या वर्णपटात एक ठळक हिरवी रेषा आहे. लॉकियर यांचे मत असे की, तेजोमेघ म्हणजे एकमेकांवर आदळणाऱ्या उल्कांचे थवे आणि ही रेषा मॅग्नेशियमच्या पट्ट्याची कड. तसे असते तर ती एका बाजूस पुसट होत जायला हवी होती. नायगमवालांनी पुण्याहून वेध घेतले. रेषा दोन्ही बाजूंनी रेखीव निघाली, आणि 1891 मध्ये त्यांनी तसे प्रसिद्ध केले. ज्यांच्या सल्ल्याने वेधशाळा उभी राहिली, त्यांच्याच सिद्धांताला ते मारक होते! विल्यम हगिन्स, कीलर यांचेही मत लॉकियरविरुद्धच होते; पण वसाहतीतल्या एका तरुण प्राध्यापकाने हे लिहिणे सोपे नव्हते.

मग ती रेषा कशाची? उत्तर 1927 मध्ये बोवेन या अमेरिकन शास्त्रज्ञाने दिले: दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या, अतिविरळ ऑक्सिजनची. नायगमवाला तेव्हा हयात होते. आणि तो चकाकणारा, सुमारे दहा हजार अंश तापलेला वायू म्हणजे नुसती साल. 1970 मध्ये रेडिओ दुर्बिणीला मृगात कार्बन मोनॉक्साइड सापडला, आणि सालीमागचा थंडगार हायड्रोजन रेणूंचा प्रचंड मेघ हाती लागला. तारे जन्मतात ते अशा थंड मेघात. हायड्रोजनचा रेणू थंडीत जवळजवळ मुकाच असतो, म्हणून दूरच्या दीर्घिकांत ताऱ्यांसाठी किती कच्चा माल शिल्लक आहे, हे आज बहुधा याच कार्बन मोनॉक्साइडवरून अजमावतात.

22 जानेवारी 1898 च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी नायगमवालांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे तुकडी नेली व सूर्याचे वर्णपट टिपले. पण वेधशाळा सारी एकट्यांवर उभी होती. हाताखाली वारस तयार व्हावा अशी सोय ना कॉलेजने केली, ना सरकारने. 1912 मध्ये ते निवृत्त झाले आणि वेधशाळेला कुलूप लागले. उपकरणे कोडाईकनालला गेली. तेथे दुर्बिणीला भावनगर दुर्बीण म्हणू लागले. 1938 मध्ये नायगमवाला वारले.