डॉक्टर अलेक्झांडर गिब्सन आणि दापोडीची वनस्पतिबाग

ज्यांनी राज्ये मिळविली त्यांची चरित्रे पुष्कळ लिहिली जातात. परंतु ज्यांनी झाडे राखली, त्यांची आठवण झाडांच्या सावलीत बसणारेही क्वचितच ठेवतात. असेच एक गृहस्थ सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वी आपल्या महाराष्ट्रात होऊन गेले. वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासकांत त्यांचे नाव परिचित आहे. मुंबई इलाख्यातील जंगलांचे पहिले संरक्षक व दापोडी येथील सरकारी वनस्पतिबागेचे प्रमुख म्हणून ज्यांची ख्याती झाली, ते डॉक्टर अलेक्झांडर गिब्सन हेच होत.

आपणां जेऊरकरांस ते अगदीच परके आहेत असे नाही. आपल्यापासून थोड्याच अंतरावर भीमेचे जे पाणी १९८० साली पूर्ण झालेल्या उजनीच्या धरणात साठून राहते, ते कोठून येते, ह्याचा माग काढीत वर जावे. भीमेस मुळा-मुठा मिळते, मुळेस दापोडीजवळ पवना मिळते, आणि त्याच पवनेच्या काठी गिब्सनसाहेबांची बाग होती. त्यांची दुसरी बाग जुन्नरजवळ हिवरे येथे होती. त्या बाजूच्या नद्याही घोड नदीच्या वाटेने अखेर भीमेसच येऊन मिळतात. ज्या पाण्यावर त्यांची रोपे वाढली, त्याच पाण्याच्या खालच्या अंगास आपण राहतो.

गिब्सन ह्यांचा जन्म १८०० साली स्कॉटलंडमधील लॉरेन्सकर्क ह्या लहानशा गावी झाला. त्यांनी एडिंबरो येथे वैद्यकाचा अभ्यास केला. त्या काळी वैद्य होऊ इच्छिणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यास वनस्पतिशास्त्र शिकावे लागे, कारण बहुतेक औषधे झाडपाल्यापासूनच होत. ज्याला झाड ओळखता येत नाही त्याच्या हाती औषध देणे म्हणजे आंधळ्याच्या हाती दिवा देण्यासारखे समजले जाई. हे शिक्षण पुरे करून १८२५ साली ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईकडील वैद्यकीय खात्यात दुय्यम शस्त्रवैद्य म्हणून रुजू झाले.

येथे आल्यावर त्यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. साहेबी बंगल्यात बसून दुभाष्याच्या तोंडून देश जाणण्यापेक्षा त्यांनी हिंदुस्थानी, मराठी व गुजराती ह्या भाषा स्वतः शिकून घेतल्या. पुढे दख्खन व खानदेश ह्या भागांत देवी टोचण्याचे काम त्यांच्याकडे आले. त्या दिवसांत देवीच्या साथीने घरेच्या घरे ओस पडत. देवी टोचणाऱ्या डॉक्टराला गावोगाव फिरावे लागे, पाटलाशी बोलावे लागे, भ्यालेल्या आईची समजूत घालून तिचे मूल हाती घ्यावे लागे. ज्याला लोकांची भाषा येत नाही त्याच्या हातून असे काम व्हावे कसे? ह्या भ्रमंतीत त्यांच्या पायांखालून दख्खनचे माळ आणि सह्याद्रीचे कडे गेले, आणि वैद्याच्या नजरेस वनस्पतिशास्त्रज्ञाची नजर येऊन मिळाली.

आता दापोडीकडे वळू. पेशवाईच्या अखेरच्या काळात पेशव्यांची कवायती पलटण कॅप्टन फोर्ड ह्या अधिकाऱ्याच्या हाताखाली दापोडीस असे. त्याने तेथे मोठा बंगला बांधून भोवती बाग केली होती. १८२८ साली मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम ह्यांनी ती जागा सरकारसाठी विकत घेतली. बंगला पावसाळ्यात गव्हर्नरांच्या राहण्यास झाला, आणि बागेचे रूपांतर सरकारी वनस्पतिबागेत झाले. डॉक्टर लश ह्यांनी काही वर्षे तिची व्यवस्था पाहिली, व १८३८ साली ती गिब्सन ह्यांच्या स्वाधीन झाली.

ही बाग केवळ गव्हर्नरसाहेबांच्या फेरफटक्यासाठी नव्हती. परदेशातील उपयुक्त झाडे आणून ती येथील हवेत जगतात की नाही हे पाहणे, बी व रोपे तयार करून वाटणे, आणि इलाख्यातील वनस्पतींची ओळख करून घेणे, अशी तिची कामे होती. देशी झाडे नाहीशी होतील म्हणून ती जपावी, हा आजचा विचार त्या बागेच्या स्थापनेत नव्हता हे खरेच. कंपनी सरकारची दृष्टी मुख्यत्वे फायद्याकडे होती. परंतु बाग ज्याच्या हाती असते त्याचा स्वभाव तिला लागतो. गिब्सन वैद्य होते. म्हणून त्यांच्या हाताखाली औषधी वनस्पतींस मानाचे स्थान मिळाले.

त्या काळी सरकारी इस्पितळांची पुष्कळ औषधे विलायतेहून गलबतांतून येत. केप ऑफ गुड होपला वळसा घालून महिनोन् महिने प्रवास केलेली ती औषधे समुद्राच्या दमट हवेने व येथील उन्हाने निःसत्त्व होत. किंमत मात्र पुरी द्यावी लागे. गिब्सन ह्यांनी विचार केला की, जे झाड येथल्या मातीत वाढू शकते त्याचा अर्क परदेशातून का आणावा? हिवरे येथील बागेत त्यांनी औषधी झाडांची लागवड हाती घेतली. वेदना व पेटके शमविण्यासाठी वापरला जाणारा खुरासानी ओवा, आणि कोठा साफ होण्यासाठी द्यावयाची सोनामुखी, ह्यांची लागवड त्यांनी यशस्वी करून दाखविली. ह्या बागांतून सरकारी औषधभांडारास माल जाऊ लागला. शेतात रोप लावणारा माळी, ते वाळवून अर्क काढणारा कारागीर, आणि तो रोग्यास पाजणारा वैद्य, ही साखळी त्यांनी एकाच मुलुखात जोडून दिली.

येथे विद्यार्थ्यांनी एक गोष्ट ध्यानात धरावी. खुरासानी ओव्याचे नाव घरगुती वाटले, तरी ती विषारी वनस्पती आहे. प्रमाण चुकले तर ती प्राण घेते. औषधी झाड म्हणजे निरुपद्रवी झाड नव्हे. म्हणूनच अशा झाडांची बाग हवी, नावाची पाटी हवी, आणि ती ओळखणारा जाणता मनुष्य हवा. ओळखीवाचून झाडपाला उपटून खाणे हे शहाणपण नव्हे, ते अविचाराचे कृत्य होय.

बागेतील झाड आज आहे, उद्या वाळेल. म्हणून त्याचे चित्र राखावे असेही गिब्सन ह्यांना वाटले. १८४७ ते १८५० ह्या काळात त्यांनी दापोडीच्या बागेतील व आसपासच्या वनस्पतींची दीडशेहून अधिक रंगीत चित्रे काढून घेतली. पाने, फुले, फळे व त्यांचे कापून दाखविलेले भाग इतके नेमके आहेत की, अभ्यासकाला त्यांवरून झाड ओळखता यावे. चित्रकार भारतीय-पोर्तुगीज कुळातील होता. पण त्याचे नाव कोणी नोंदून ठेवले नाही. ही चित्रे आज एडिंबरो येथील राजकीय वनस्पतिउद्यानात सुरक्षित आहेत, आणि २००२ साली हेन्री नोल्टी ह्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्यांवर ग्रंथ लिहून ती जगापुढे आणली. ज्या माळ्यांनी पवनेचे पाणी त्या झाडांस घातले, त्यांची नावेही त्या चित्रकाराच्या नावाबरोबरच काळाच्या उदरात गेली. मोठ्या कार्याचा मान एकास मिळतो. भार मात्र पुष्कळांनी वाहिलेला असतो.

बाग सांभाळता सांभाळता गिब्सन ह्यांच्या ध्यानात आले की, कुंपणाच्या आत शे-दोनशे झाडे राखून काम भागत नाही. कुंपणाबाहेरचे रान त्याच वेळी उजाड होत आहे. कोकणात व घाटात सागवान बेसुमार तोडले जात होते. जहाजे बांधण्यास लाकूड हवे होते, शहरांना जळण हवे होते, आणि पुढे १८५३ साली मुंबई-ठाणे लोहमार्ग सुरू झाल्यावर रुळांखाली घालण्यासही लाकूड लागू लागले. आपल्या जेऊरवरून जाणारा लोहमार्ग १८६० पर्यंत सोलापुरास पोहोचला, तोही त्याच काळातला. गिब्सन ह्यांनी सरकारास पुनःपुन्हा कळविले की, डोंगर उघडे पडले की झरे आटतात, ओढे उन्हाळ्यापूर्वीच कोरडे पडतात, आणि त्याचा फटका खालच्या शेतकऱ्यास बसतो. १८४७ साली मुंबई इलाख्यात जंगलांच्या संरक्षकाचे पद निर्माण झाले व ते त्यांना देण्यात आले. सर्व हिंदुस्थानासाठी वनखाते १८६४ साली स्थापन झाले; त्यापूर्वी सतरा वर्षे हे काम आपल्या इलाख्यात सुरू झालेले होते.

हे काम सर्वांस गोड वाटले नाही. लाकडाच्या व्यापाऱ्यांस निर्बंध नकोसे होते, आणि अधिक जमीन लागवडीस आली तर महसूल वाढतो असा अनेक अधिकाऱ्यांचा हिशेब होता. परंतु खरे दुःख निराळ्याच लोकांच्या वाट्यास आले. डोंगरात राहणारे गरीब लोक झाडेझुडपे जाळून त्या राखेत नाचणी-वरी पेरीत. ह्या कुमरी शेतीवर निर्बंध घालण्यात आले. ज्या रानातून त्यांच्या आज्या-पणज्यांनी कंदमुळे आणली, त्या रानात त्यांना परवानगी मागावी लागली. चरित्र लिहिणाराने नायकाचा गौरव करताना ही बाजू झाकू नये. रान राखणे चांगले. परंतु रानात राहणाराला सोबत घेऊन राखणे हे त्याहून चांगले. हा धडा सरकारांस पुढे पुष्कळ उशिरा उमगला.

१८६० साली गिब्सन सेवानिवृत्त झाले. १८६१ साली त्यांचे व निकोल डाल्झेल ह्यांचे मिळून मुंबई इलाख्यातील वनस्पतींची माहिती देणारे पुस्तक प्रसिद्ध झाले. ह्या पुस्तकात शास्त्रीय लॅटिन नावाबरोबर ठिकठिकाणी झाडांची देशी नावेही नोंदलेली आहेत. ही साधीच गोष्ट वाटते, पण तिचे मोल मोठे आहे. झाड कोणते हे लॅटिन नाव साऱ्या जगाला सांगते. पण ते कोणत्या कामी येते हे बहुधा ज्यांनी त्याला देशी नाव दिले त्यांनाच ठाऊक असते. दोन्ही नावे शेजारी लिहिली म्हणजे दोन ज्ञाने एकमेकांस भेटतात. पुढे थिओडोर कुक ह्यांनी १९०१ ते १९०८ ह्या वर्षांत मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवर जो विस्तृत ग्रंथ लिहिला, त्यालाही ह्या आधीच्या श्रमांचा आधार मिळाला. सह्याद्रीतील एका भू-ऑर्किडच्या शास्त्रीय नावात गिब्सन हे नाव आजही गोवलेले आहे.

आणि दापोडीच्या बागेचे काय झाले? १८६५ साली, गणेशखिंडीत गव्हर्नरांसाठी नवा राजवाडा बांधावयाचा म्हणून सरकारने दापोडीची मालमत्ता विकून टाकली. गिब्सन तेव्हा हयात होते. १८६७ साली ते निवर्तले. ज्या बागेसाठी त्यांनी आपल्या उमेदीची वर्षे वेचली, ती मोडल्याचे त्यांच्या जिवंतपणीच घडले. १८७३ साली गणेशखिंडीत नवी वनस्पतिबाग करण्यात आली, आणि २०२० साली महाराष्ट्र शासनाने तिला जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित केले. म्हणजे मोडलेल्या बागेचा विचार दुसऱ्या जागी पुन्हा रुजला. पण मध्यंतरी किती झाडे कुऱ्हाडीखाली गेली असतील, त्यांची मोजदाद कोण करणार?

ह्या चरित्रातून घ्यावयाचा बोध माझ्या मते असा : बाग स्थापन करणे हे अर्धेच काम होय. सरकार ती एका सहीने स्थापन करते व दुसऱ्या सहीने विकते. तिचे रक्षण शेवटी होते ते, जेव्हा पुष्कळांच्या घरी तिचे बी गेलेले असते, पुष्कळांस तिच्यातील झाडांची नावे ठाऊक असतात, आणि कोणीतरी ती कागदावर उतरवून ठेवलेली असतात. दापोडीची जमीन गेली; पण चित्रे, पुस्तक आणि वाटलेले बी मागे राहिले.

विद्यार्थिमित्रहो, आपला करमाळा तालुका सह्याद्रीसारखा हिरवागार नाही. येथे पाऊस थोडा, जमीन माळाची. म्हणून येथे राखण्यासारखे काही नाही असे समजू नये. हिवर, बाभूळ, बोर, नेपती, तरवड, निर्गुडी, गुळवेल, शतावरी, गोखरू, रुई ही आपल्या बांधांवरची व माळांवरची झाडे दुष्काळातही तग धरणारी आहेत. उजनीचे पाणी आल्यापासून ऊस व केळी वाढली, बांध अरुंद झाले, आणि ह्या झाडांस जागा उरेनाशी झाली. त्यांची नावे आज घरातील वडील मंडळींच्या जिभेवर आहेत. ती उतरवून न ठेवली तर त्यांच्याबरोबरच जातील.

पवित्र शास्त्रात पहिल्या मनुष्यास बागेत ठेवले ते तिची मशागत व राखण करण्यासाठी, असे आपण वाचतो. फळे खाण्याची मुभा त्याला मिळाली, पण काम आधी नेमून दिले गेले. तेव्हा प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या आजीस किंवा आजोबांस विचारून बांधावरच्या दहा झाडांची नावे व उपयोग एका वहीत लिहावे, आणि पालकांनी परसात गुंठाभर नाही तर हातभर जागा त्यांतील एका झाडासाठी सोडावी. रोप लावण्यास आषाढात पुष्कळ हात पुढे येतात. चैत्र-वैशाखात जो त्याला तांब्याभर पाणी घालतो, तोच त्याचा खरा राखणदार.