वऱ्हाडचा पहिला स्वतंत्र राजा : फतहुल्ला इमाद-उल्-मुल्क

अकोला जिल्ह्यातील नरनाळा आणि चिखलदऱ्यानजीकचा गाविलगड हे दोन दुर्ग आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेले आहेत. परंतु या दुर्गांना ज्याने बळकटी आणली, त्या पुरुषाचे चरित्र फारच थोड्यांस विदित असते.

फतहुल्ला हा विजयनगरच्या राज्यातील एका कानडी ब्राह्मणाचा पुत्र. १४२२-२३ च्या सुमारास बहामनी सुलतान अहमदशहाने त्या मुलखावर स्वारी केली, तीत हे बालक कैद झाले. त्यास नवे नाव व नवा धर्म मिळाला. त्याची संमती कोणी विचारली असेल असे मानण्यास जागा नाही. वऱ्हाडचा सुभेदार खानजहान याच्या पदरी तो वाढला, शिपाईगिरी शिकला, आणि १४७१ मध्ये, वजीर महमूद गावान याच्या शिफारशीने, त्याच वऱ्हाडचा सुभेदार झाला. गुलामाचे पोर सुभेदार होणे त्या काळी अगदीच अपूर्व नव्हते; पण त्यापुढील प्रसंगात या मनुष्याची खरी पारख होते.

सुभेदारांचे बळ अतोनात वाढू नये म्हणून गावानने चार सुभ्यांचे आठ केले. वऱ्हाडचे गाविल व माहूर असे दोन भाग होऊन माहूर खुदावंतखान हबशाकडे गेले. म्हणजे फतहुल्लाचा निम्मा अधिकार गेला. पुढे वैऱ्यांनी गावानच्या शिक्क्याचे बनावट पत्र रचले आणि १४८१ मध्ये मद्याच्या धुंदीत असलेल्या सुलतानाने त्या निरपराध वृद्धाचा शिरच्छेद करविला. ज्याचे नुकसान झाले होते त्याने समाधान मानावे, हा जगाचा रिवाज. फतहुल्लाने तसे केले नाही. तो व खुदावंतखान, दोघांनीही आपले तळ शाही छावणीपासून दूर नेले आणि सुलतानाने बोलाविले तरी ते समीप गेले नाहीत. भीती होतीच, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या दूर ठोकलेल्या तंबूंत निषेधही होता, असे माझे मत आहे.

तरीही त्याने उतावीळपणे बंड केले नाही. नरनाळ्याचा महाकाली दरवाजा त्याने १४८७ मध्ये बांधला. पांढऱ्या वालुकाश्मातील त्याची कमळे व नाजूक जाळ्या अवश्य पाहाव्या. तेथील शिलालेखात राजा म्हणून नाव आहे ते बहामनी महमूदशहाचेच. बेदरचे तक्त पुरते दुबळे झाल्यावर, १४९० मध्ये, अहमदनगर व विजापूरच्या संस्थापकांबरोबर त्याने स्वतंत्र सत्ता धारण केली. एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, ही त्याची राजधानी. त्या वेळी तो सत्तरीच्या घरात असावा.

गाविलगडच्या दिल्ली दरवाजावर दोन मस्तकांचा गंडभेरुंड पक्षी कोरलेला आहे. युरोपातील पवित्र रोमन सम्राटांच्या ध्वजावरही द्विमुखी गरुड असे. पण हे साम्य निव्वळ योगायोगाचे. गंडभेरुंड हा कर्नाटकाच्या राजांचा. लहानपणी ज्या मुलखातून ओढून आणले, तेथील पक्षी त्या वृद्धाच्या मनात घर करून राहिला होता काय, हा प्रश्न त्या वेशीखाली उभे राहिल्यावर सुचल्यावाचून राहत नाही.

वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला उतरला, तेव्हा एलिचपुरास फतहुल्लाच राज्य करीत होता. १५०४ मध्ये तो मरण पावला व पुत्र अलाउद्दीन गादीवर बसला. हे घराणे पुढे सत्तर वर्षे टिकले. १५७४ मध्ये अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाने वऱ्हाड जिंकून घेतले.