शाळा कोणासाठी? जोतीरावांचा प्रश्न

महात्मा जोतीराव फुले यांनी मुलींची शाळा काढली, हे आपण लहानपणापासून पाठ करीत आलो आहोत. पण शाळा काढणारे हे गृहस्थ शाळांचे कडक टीकाकारही होते, ही गोष्ट मला अधिक मोलाची वाटते.

जोतीरावांचा जन्म १८२७ साली पुण्यात, माळ्याच्या घरी झाला. लोकांच्या सांगण्यावरून वडील गोविंदराव यांनी त्यांना शाळेतून काढले आणि मळ्यातल्या कामाला लावले. पुढे गफार बेग मुन्शी आणि लिजीटसाहेब यांनी गोविंदरावांची समजूत घातली, तेव्हा कुठे १८४१ साली ते स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेले. माळ्याच्या मुलाने माळीच राहावे, हा समाजाचा दंडक त्या शाळेने मोडला. शाळा काय करू शकते, याचा पुरावा जोतीराव स्वतःच होते.

म्हणूनच १८४८ साली त्यांनी भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू केली. सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. लोक खवळले आणि १८४९ साली या दांपत्याला घर सोडावे लागले. तरीही महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा निघाल्या आणि १८५५ साली कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा निघाली.

परंतु सरकारी शाळा वाढत गेल्या, तसे त्यांना दुसरेच चित्र दिसू लागले. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी ते परखडपणे मांडले. सरकारची तिजोरी भरते ती मुख्यतः शेतकऱ्याच्या घामातून. खर्च मात्र होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर. वरच्यांना शिकवले की विद्या आपोआप खाली झिरपेल, अशी सरकारची समजूत होती. विद्या काही झिरपली नाही. शिकलेल्यांनी सरकारी जागा धरल्या, त्यांचीच मुले पुन्हा शाळेत आली आणि जुनी उतरंड नव्या प्रमाणपत्रांसह तशीच उभी राहिली.

जोतीराव नुसती टीका करून थांबले नाहीत. बारा वर्षांपर्यंतचे शिक्षण सक्तीचे करावे, शिक्षक शेतकरी वर्गातूनही तयार करावेत, मागासलेल्या मुलांना शिष्यवृत्त्या द्याव्यात, आणि मोडी, बालबोध व हिशेबाबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञान शिकवावे, असे त्यांनी सुचविले. कोणत्या वर्गातला गुरुजी काय शिकवतो, यावर मूल पुढे कोण होणार हे ठरते, हे त्यांनी ओळखले होते.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले. सक्तीच्या शिक्षणाची त्यांची मागणी बडोद्यात सयाजीरावांनी १९०६ साली सर्व राज्यभर आणि कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली मनावर घेतली. साऱ्या देशाला तसा कायदा मिळायला २००९ साल उजाडावे लागले.

कायदा झाला, म्हणजे प्रश्न मिटला असे मात्र मला वाटत नाही. आमच्या घराण्यातून महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. माझ्याबरोबर चौथीत बसणारे कितीतरी जण आज ऊसतोडीला जातात. ते माझ्यापेक्षा मंद होते असे मुळीच नाही. मित्रहो, पदवी घेऊन मी जर त्यांच्याकडे पाठ फिरवली, तर मीही त्या जुन्याच उतरंडीतले एक मडके ठरेन. जोतीरावांचा पुतळा हार मागत नाही. आपल्या शेजारचा बाक कोणामुळे रिकामा राहिला, याचे उत्तर मागतो.